साचा कापण्याआधी दाण्याचा हिशेब

कापडाच्या पेढीवर बसणाऱ्या माणसाने प्लास्टिकवर लेख लिहावा याचे काही वाचकांना नवल वाटेल. पण आमच्या पेढीवरचा बराचसा माल हल्ली कपाशीच्या बोंडातून येत नाही, तो वितळलेल्या प्लास्टिकमधून येतो. पॉलिएस्टर म्हणजे दुसरे काय? पाण्याची बाटली ज्या पीईटीची होते त्याच जातीचा माल २८० ते २९० अंश सेल्सिअसला वितळवायचा, पाव मिलिमीटरच्या आसपासच्या छिद्रांतून दाबाने बाहेर काढायचा आणि मिनिटाला सुमारे ३,००० मीटर वेगाने ओढून गुंडाळायचा, की झाला धागा. पाताळगंगेला १९८२ साली रिलायन्सचा पॉलिएस्टर धाग्याचा कारखाना सुरू झाला आणि हा माल आपल्या जवळ तिथेही तयार होऊ लागला.

या धंद्यातले एक जुने भांडण कापडवाल्यांना तोंडपाठ आहे. रंगवलेल्या कापडावर पट्टे दिसतात. विणणारा म्हणतो रंगारी चुकला, रंगारी म्हणतो धागाच जाड-बारीक होता. धागा जाड-बारीक होण्याचे एक कारण असे, की वितळलेल्या मालाची ओढ आणि त्याला मिळणारी थंड हवा यांचा मेळ बसलेला नसतो. हा मेळ आधी कागदावर बसवता येईल का, हा प्रश्न जपानमध्ये कासे आणि मात्सुओ या दोघांनी हातात घेतला आणि १९६५ साली धाग्याचा वेग, उष्णता आणि जाडी यांची समीकरणे बसवून दाखवली. पुढे तीच समीकरणे संगणकावर सोडवून धागा काढण्याआधीच त्याचा अंदाज घेण्याची रीत पडली.

आजचा आमचा विषय हाच हिशेब, पण साच्यातल्या मालाचा. बादली, मग, हँगर, सुताचा कोन, मागाची कांडी, खुर्ची, क्रेट, बॅटरीचे खोके, या सगळ्या वस्तू इंजेक्शन मशीनवर निघतात. या धंद्यात आपले पुष्कळ लोक आहेत. धारावीचे तेरा कंपाऊंड, मालेगावची गिट्टी आणि पाइपची कामे, वसईच्या गाळ्यांतली मोल्डिंग मशिने, कुठेही जा, दाणा, मशीन, साचा किंवा भंगार यांपैकी काही ना काही आपल्या माणसांच्या हाती आहे. म्हणून हे पान.

लोखंड काढता येते, घालता येत नाही

साचा बनवणाऱ्या उस्तादांचे एक बोलणे आहे, की साच्यातून लोखंड काढता येते, घालता येत नाही. म्हणजे पोकळी लहान राहिली तर आणखी खरवडता येईल, पण जास्त खरवडली गेली तर वेल्डिंग करून भरावे लागते, आणि भरलेली जागा पुन्हा पहिल्यासारखी होत नाही. एक बरा साचा आज लाखांच्या घरात जातो. त्यात माल कुठून सोडायचा म्हणजे गेट कुठे, भिंत किती जाड, पाण्याच्या वाहिन्या कुठून न्यायच्या, हे सगळे निर्णय पहिला तुकडा निघण्याआधी घ्यावे लागतात. उस्ताद ते तजुर्ब्याने घेतो. बादलीचे शंभर साचे ज्याने केले तो एकशेएकावा डोळे मिटून करील. पण गिऱ्हाईक नवी वस्तू घेऊन येते तेव्हा तजुर्बा अपुरा पडतो, आणि मग ट्रायल, दुरुस्ती, पुन्हा ट्रायल असे महिने जातात. त्या महिन्यांचे भाडे, व्याज आणि रखडलेली ऑर्डर कोणाच्या अंगावर पडते हे आम्ही सांगायला नको.

संगणकाने या ठिकाणी जे काम केले ते इतकेच, की ट्रायल लोखंडावर घेण्याऐवजी आधी हिशेबात घेता येऊ लागली. वितळलेला माल गेटमधून शिरून कोणत्या सेकंदाला कुठे पोहोचेल, कुठे दोन धारा एकमेकींना भेटतील, हवा कुठे कोंडेल, दाब किती लागेल, गार व्हायला किती वेळ लागेल, हे पडद्यावर रंगांत दिसते. दिसायला फार सुंदर. आणि त्या सुंदरपणातच थोडा धोका आहे, तो पुढे सांगतो.

छपाईचा लगदा आणि वितळलेला दाणा

आधी माल कसा वाहतो ते समजून घेऊ. आमच्या उर्दू शाळेच्या पुस्तकात दाटपणाला ‘लुजूजत’ म्हणत, मराठीच्या पुस्तकात ‘श्यानता’ म्हणतात, कारखान्यात सगळे व्हिस्कॉसिटी म्हणतात. पाण्याची व्हिस्कॉसिटी हळू ढवळा की जोरात ढवळा, तीच राहते. प्लास्टिकचे तसे नाही.

कापड छपाईवाल्यांना हे चटकन समजेल. स्क्रीनवर रंगाचा लगदा ठेवला तर तो जागचा हलत नाही. त्यावरून पट्टी ओढली की त्या ओढीखाली तो पातळ होतो आणि जाळीतून खाली उतरतो. पट्टी पुढे गेली की पुन्हा घट्ट, म्हणून बुट्टीची कड फुटत नाही. वितळलेले प्लास्टिक असेच वागते. हळू ढकलाल तर घट्ट, जोराने ढकलाल तर कित्येक पटींनी पातळ. त्याच्या आत लांबच लांब रेणूंच्या साखळ्या गुंतलेल्या असतात, सुताचा गुंता असावा तशा. जोराची ओढ लागली की त्या ओढीच्या दिशेने सरळ होतात आणि एकमेकींवरून घसरतात.

दुसरी गंमत अशी, की या साखळ्या आपली पहिली ठेवण विसरत नाहीत. छिद्रातून बाहेर पडताच माल छिद्रापेक्षा जाड होतो. वजूसाठी ठेवतात तो प्लास्टिकचा बधना फुगवून काढणाऱ्यांना हे रोज दिसते. डायमधून नळी लोंबते तेव्हा ती डायच्या मापाची नसते, फुगलेली असते. किती फुगेल हे दाण्यावर, तापमानावर आणि ढकलण्याच्या वेगावर ठरते. दाणा बदलला की त्याच डायमधून बधन्याचे वजन बदलते ते यामुळेच.

या सगळ्या विद्येला ऱ्हिऑलॉजी हे नाव अमेरिकेतले रसायनाचे प्राध्यापक यूजीन बिंगहॅम यांनी १९२० साली दिले, आणि १९२९ साली तिची स्वतंत्र संस्थाही निघाली. बिंगहॅम यांनी रंगासारख्या पदार्थांवर काम केले होते, आणि रंग पाण्यासारखा वाहत नाही ही गोष्ट त्यांनी मांडली. म्हणजे ही विद्या जन्मली ती रंगाच्या आणि मातीच्या लगद्यांतून. पुढे प्लास्टिकने तिला मोठे केले.

अंगरख्याचे तुकडे

हिशेब संगणकावर कसा चढला तेही ऐकण्यासारखे आहे. १८९८ साली हेले-शॉ नावाच्या इंग्रज इंजिनिअरने दोन काचा अगदी जवळ ठेवून त्यांच्या फटीतून द्रव सोडला आणि दाखवले, की अशा चिंचोळ्या फटीत प्रवाहाचा नियम फार सोपा होतो. त्याच्या डोक्यात प्लास्टिक नव्हते. पण साच्यातली पोकळी म्हणजे तरी काय? बादलीची भिंत दोन-अडीच मिलिमीटर जाड आणि फूटभर उंच, म्हणजे दोन पोलादी भिंतींमधली फटच. म्हणून हाच सोपा नियम ऐंशी वर्षांनी कामाला आला.

अमेरिकेच्या कॉर्नेल विद्यापीठात १९७४ साली प्राध्यापक के. के. वांग यांच्या देखरेखीखाली इंजेक्शन मोल्डिंगचा अभ्यास सुरू झाला. तिथल्या हायबर आणि शेन या दोघांनी १९८० साली आपली पद्धत छापली. वस्तूच्या पृष्ठभागाचे लहान लहान त्रिकोण पाडायचे, जाडीचे थर करायचे, आणि प्रत्येक त्रिकोणात, प्रत्येक थरात, क्षणाक्षणाला दाब, वेग आणि उष्णता यांचा जमाखर्च मांडायचा. भिंतीला लागलेला थर गोठतो, मधला वाहत राहतो, वाहता मार्ग अरुंद होत जातो, हे सगळे त्या जमाखर्चात येते.

त्याच सुमारास ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्न शहरात कॉलिन ऑस्टिन यांनी १९७८ साली मोल्डफ्लो नावाची कंपनी काढली. त्यांची पहिली युक्ती आमच्या शिंपी बंधूंना आवडेल. अंगरखा शिवण्याआधी बाही, पाठ, कळी हे तुकडे कापडावर सपाट मांडतात तशी त्यांनी वस्तू उलगडून सपाट मांडली आणि गेटपासून प्रत्येक टोकापर्यंतच्या वाटांचा वेगवेगळा हिशेब केला. सगळ्या वाटा एकाच वेळी भरल्या पाहिजेत, हे त्यांचे मुख्य सांगणे. एक वाट आधी भरली तर तिथे माल ठासला जातो, दुसरी रिकामी राहते आणि वस्तू वाकते. आजही पडद्यावर पहिल्यांदा हेच पाहावे.

कॉर्नेलच्या कामातून निघालेली सी-मोल्ड ही चीज २००० साली मोल्डफ्लोने विकत घेतली आणि २००८ साली मोल्डफ्लोलाच ऑटोडेस्कने घेतले. तैवानमध्ये १९९५ साली निघालेल्या कंपनीचे मोल्डेक्सथ्रीडी हे दुसरे मोठे नाव. याशिवाय ओपनफोम म्हणून द्रवांच्या प्रवाहाची एक प्रणाली २००४ पासून फुकट आणि खुली आहे. ती चालवायला मात्र डोके आणि सबुरी दोन्ही लागतात. घरात इंजिनिअरिंग शिकणारा मुलगा असेल तर त्याला हे नाव सांगून ठेवा.

हँगरचा खालचा दांडा

कापडवाल्याच्या रोजच्या वापरातली वस्तू घेऊ. पँटसाठी खाली आडवा दांडा असलेला हँगर. आमच्या ओळखीच्या एका कारखानदाराने असा हँगर काढला. वरून छान, चकचकीत. दुकानात लावला की काही दिवसांनी खालचा दांडा बरोबर मधोमध तुटायचा. साचेवाला म्हणे, “सेठ, दाणाच खराब आहे.” दाणेवाला म्हणे मशीनवर माल जळतो. मशीन चालवणारा पोरगा म्हणे साचा गरम होत नाही. तिघेही थोडे खरे बोलत होते, आणि तीन महिने फुकट गेले.

कारण साधे होते. माल आकड्याच्या मुळाशी सोडला होता. तिथून दोन धारा निघाल्या, एक उजव्या खांद्यावरून, एक डाव्या खांद्यावरून, आणि दोन्ही कोपरे वळून खालच्या दांड्याच्या मधोमध भेटल्या. तिथवर येईतो त्यांची तोंडे गार झाली होती. गार तोंडे एकमेकांना टेकतात, पण साखळ्या एकमेकींत नीट गुंतत नाहीत. या जागेला वेल्ड लाइन म्हणतात. कापडात दोन तुकडे जोडावेत पण दोरा पुरता ओवू नये, तशी ही जागा कमजोर. आणि पँटचे वजन नेमके तिथेच.

बंद कड्यासारख्या वस्तूत एकाच गेटने माल सोडला तर अशी रेष कुठे ना कुठे येणारच. ती नाहीशी करता येत नाही, सरकवता येते. गेट दांड्यावर नेला तर रेष आकड्याच्या मुळाशी येईल, ते आणखी वाईट. मग एका खांद्याची जाडी किंचित वाढवायची. त्या बाजूची धार लवकर धावते, मध्य ओलांडून पुढे जाते, आणि भेट मधोमध न होता एका बाजूला, कोपऱ्याच्या थोडी अलीकडे होते. तिथे ताण कमी. जोडीला साचा थोडा गरम ठेवायचा आणि भेटीच्या जागी हवा निघायला बारीक वाट द्यायची. खांदा किती वाढवला तर रेष किती सरकते, हे उस्ताद अंदाजाने सांगेल आणि लोखंड कापून दोनदा-तीनदा पाहील. संगणकावर एका दिवसात दहा वेळा पाहता येते. भरण्याचा हिशेब हे या यंत्रणेचे सर्वांत भरवशाचे काम आहे, आणि वेल्ड लाइनची जागा ती सहसा चुकत नाही.

अर्ध्या मिलिमीटरची किंमत

दुसरा हिशेब जाडीचा. गार होण्याचा वेळ भिंतीच्या जाडीच्या वर्गाप्रमाणे वाढतो. जाडी दुप्पट तर वेळ चौपट. धरून चालू की ३ मिलिमीटर जाडीच्या वस्तूला गार व्हायला १८ सेकंद लागतात आणि साचा उघडणे, माल भरणे वगैरेला १० सेकंद. एकूण २८ सेकंद. आठ तासांच्या पाळीत २८,८०० सेकंद, म्हणजे १,०२८ नग. तीच भिंत अडीच मिलिमीटर केली तर गार होण्याचा वेळ साडेबारा सेकंद, एकूण साडेबावीस, आणि पाळीत १,२८० नग. अडीचशे नग वर, शिवाय भिंतीतला दाणा सहाव्या हिश्शाने कमी. मशीन तेच, वीज जवळपास तीच, माणूस तोच.

मग सगळे जण भिंत पातळ का करत नाहीत? कारण फट अरुंद झाली की माल ढकलायला जास्त दाब लागतो. पाण्यासारखा द्रव असता तर दाब जाडीच्या घनाप्रमाणे वाढला असता, म्हणजे या उदाहरणात पावणेदोन पटींच्या जवळ. प्लास्टिक जोराने ढकलल्यावर पातळ होते म्हणून तितका वाढत नाही, पण वाढतो. किती वाढतो, आणि आपले जुने मशीन तो देऊ शकेल का, हे दाण्याच्या व्हिस्कॉसिटीवर ठरते. इथे तजुर्बा अंदाज देतो, आकडा देत नाही.

साचा दाबून धरण्याच्या टनांचेही तसेच. ६०० चौरस सेंटिमीटरचा ट्रे आणि आत सरासरी ३०० किलो दर चौरस सेंटिमीटर दाब धरला तर १८० टन लागतील. हिशेबात २२० किलो पुरतात असे निघाले तर १३२ टन, म्हणजे काम दीडशे टनी मशीनवर बसले. जॉबवर्कचे दर मशीनच्या टनांवर ठरतात हे वाचक जाणतात.

आकडे कोणाच्या दाण्याचे?

आता धोक्याची गोष्ट. पडद्यावरचे सुंदर रंग ज्या हिशेबातून निघतात त्याला दाण्याची कुंडली लागते. कोणत्या तापमानाला, किती वेगाने ढकलले असता व्हिस्कॉसिटी किती, दाबाखाली आकारमान किती घटते, उष्णता किती धरतो, कोणत्या अंशाला थिजतो. मोठ्या प्रणालींत अशा हजारो ग्रेडच्या कुंडल्या भरून ठेवलेल्या असतात. पण त्या नामांकित कंपन्यांच्या कोऱ्या दाण्याच्या. तेरा कंपाऊंडमधून आलेला काळा पी.पी. त्या यादीत नाही. मालेगावची गिट्टी त्या यादीत नाही. अनेक ठिकाणी काय होते, की हिशेब करणारा यादीतला एखादा जवळचा पी.पी. निवडतो, रंगीत चित्रे छापून देतो, पैसे घेतो. चित्र खरे असते, पण दुसऱ्याच दाण्याचे.

पुनर्वापराच्या दाण्याचा स्वभाव बदललेला असतो. पी.पी. दर वेळी तापला की त्याच्या साखळ्या तुटतात आणि तो पातळ होत जातो. पॉलिथिनचे उलटेही होऊ शकते, साखळ्या एकमेकींना चिकटून तो घट्ट होतो. भेसळीचे गणितही सरळ नाही. पोत्यांच्या विणकामाचा पी.पी. सुमारे ३ एमएफआयचा असतो, मोल्डिंगचा सुमारे ११ चा. दोन्ही निम्मे-निम्मे मिसळले तर व्यापारी मनात सरासरी ७ धरतो. प्रत्यक्षात असे मिश्रण पावणेसहाच्या आसपास येते, कारण इथे बेरीज लॉगच्या हिशेबाने होते. घट्ट माल आपल्या बाजूला ओढतो. ७ समजून लावलेले मशीन पावणेसहाच्या मालाने कोपरा अर्धा सोडते, आणि पोरगा तापमान वाढवत बसतो.

हा एमएफआय म्हणजे काय, ते माहीत नसणाऱ्यांसाठी. तापवलेल्या नळकांड्यात थोडा दाणा घालतात, पॉलिथिनसाठी १९० अंश, पी.पी.साठी २३० अंश. वर २.१६ किलोचे वजन ठेवतात. खाली सुमारे २.१ मिलिमीटर रुंद आणि ८ मिलिमीटर लांब छिद्र. १० मिनिटांत जितके ग्रॅम माल बाहेर येतो तो आकडा. आकडा मोठा तर माल पातळ. इतकी साधी चाचणी, की लिहिणे-वाचणे जेमतेम येणारा कारागीरही आठवड्यात शिकतो.

पण तिच्यात एक उणीव आहे. त्या छिद्रातून माल मुंगीच्या पावलांनी येतो, आणि साच्याच्या गेटमधून तो शेकडो पट जास्त ओढीने जातो. एका सावकाश वेगाचा आकडा घेऊन धावत्या मालाचा स्वभाव कसा कळणार? पूर्ण स्वभाव मोजायला कॅपिलरी ऱ्हिऑमीटर लागतो, तो लहान माणसाच्या आवाक्यातला नाही.

या ठिकाणी आपल्या पुण्याचे नाव येते. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत शेणॉय, चट्टोपाध्याय आणि नाडकर्णी या तिघांनी १९८३ साली एक युक्ती छापली. त्यांनी दाखवले, की एका जातीच्या प्लास्टिकच्या निरनिराळ्या ग्रेडचे आलेख घेऊन व्हिस्कॉसिटीला एमएफआयने गुणले आणि ओढीच्या वेगाला एमएफआयने भागले, तर सगळे आलेख जवळजवळ एकाच रेषेवर येऊन बसतात. म्हणजे जातीची ती एक रेष हाताशी असेल तर तुमच्या दाण्याच्या एका साध्या आकड्यावरून त्याचा धावता स्वभाव काढता येतो. महागड्या यंत्राशिवाय, कागद-पेन्सिलीवर. म्युनिसिपल शाळेतून शिकून वर आलेले डॉ. माशेलकर १९८९ ते १९९५ या काळात याच प्रयोगशाळेचे संचालक होते आणि त्यांचा स्वतःचा विषयही पॉलिमरच. इतके मोठे काम आपल्या दारात झाले आणि आपल्या गाळ्यांपर्यंत ते पोहोचले नाही, याचे आम्हाला वाईट वाटते. दोष प्रयोगशाळेचा की आपला, हा वाद इथे नको.

अर्थात ही रेष शुद्ध जातीसाठी आहे. पी.पी.मध्ये पॉलिथिन मिसळलेले असेल, खडूची भुकटी भरलेली असेल, तर ती तितकी खरी उतरत नाही. तरीही परक्या दाण्याच्या कुंडलीवर काढलेल्या चित्रापेक्षा आपल्या दाण्याच्या मोजलेल्या आकड्यावर बसवलेला अंदाज बरा.

आणि हा प्रश्न आता केवळ साचा बिघडण्याचा राहिलेला नाही. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२२ मध्ये प्लास्टिक पॅकिंगबाबत उत्पादकांच्या विस्तारित जबाबदारीचे जे नियम काढले त्यांत टणक पॅकिंगमध्ये २०२५-२६ पासून ३० टक्के पुनर्वापराचे प्लास्टिक वापरण्याचे बंधन ठरवले. म्हणजे ज्या दाण्याला आजवर कोणी विचारत नव्हते तो मोठ्या कंपन्यांना घ्यावा लागणार. पण मोठी कंपनी पोते उघडून, मूठभर दाणा हातावर घेऊन सौदा करत नाही. ती एमएफआयचा आकडा मागते, आणि मागच्या लॉटचा नि या लॉटचा आकडा जुळतो का ते पाहते. ज्याच्याजवळ आकडा नाही त्याचा माल कोणीतरी मधला माणूस स्वस्तात उचलील, त्यावर मोजमापाची चिठ्ठी लावील आणि दामदुपटीने विकील. भंगार वेचणारा, धुणारा, कापणारा आपला, आणि नफा चिठ्ठीवाल्याचा, असे होऊ लागले तर नवल नाही.

संगणक काय सांगत नाही

भरण्याचा हिशेब भरवशाचा, दाबाचा बऱ्यापैकी, आणि वस्तू गार झाल्यावर किती वाकेल हा सर्वांत कमी भरवशाचा. पी.पी. गार होताना शेकडा एक ते अडीच आक्रसतो, पॉलिस्टायरीन अर्ध्या टक्क्याच्या आसपास. पी.पी.चे आक्रसणे गार होण्याच्या वेगावर हलते, म्हणून झाकण बसेल की नाही यासाठी केवळ पडद्यावर विसंबून राहू नये. मशीनचा झिजलेला स्क्रू, मे महिन्यातले कोमट पाणी, ओलसर दाणा यांपैकी काहीही संगणकाला दिसत नाही. ते उस्तादालाच दिसते. म्हणून उस्तादाला बाजूला बसवून पडद्यावरच्या पोराला विचारणे, किंवा पोराला हसून उस्तादालाच विचारणे, या दोन्ही गोष्टी तोट्याच्या. दोघांना एका टेबलावर बसवावे.

सॉफ्टवेअर विकत घेण्याच्या फंदात लहान माणसाने पडू नये. एकेका साच्याचा हिशेब जॉबवर्कवर करून देणारे असतात. सिपेट ही १९६८ साली मद्रासला सुरू झालेली सरकारी संस्था, तिचे एक केंद्र छत्रपती संभाजीनगरला आहे. दाण्याच्या चाचणीसाठी तिथे विचारणा करावी. त्याच शहरातले इंडो-जर्मन टूल रूम साच्यांच्या कामाचे शिक्षण देते.

हिशेब करून घ्यायला जाताना चार गोष्टी तोंडी नव्हे, लेखी द्याव्यात. वस्तूचे माप, मशीनचे टन आणि जास्तीत जास्त दाब, पाण्याचे खरे तापमान, आणि आपल्या दाण्याचा मोजलेला एमएफआय. हिशेब हाती आल्यावर पहिला प्रश्न विचारावा, की यात कोणत्या दाण्याची कुंडली घातली आहे? उत्तर नावानिशी मिळाले नाही तर चित्रे परत करावीत. चाचणीचा नमुना एकाच पोत्यातून घेऊ नये. एका लॉटची निदान पाच-सहा पोती उघडून, वरून, मधून आणि तळातून मूठ मूठ दाणा घ्यावा, नीट मिसळावा, आणि त्यातला पाव किलो पिशवीत बांधून लॉटची तारीख वर लिहावी. तसाच दुसरा पाव किलो आपल्या गाळ्यात ठेवावा. पुढे वाद झाला तर तोच कामाला येतो.